कोमट साकेचंही ऐका

जपानी नववर्षाच्या मेजवानीत साके, म्हणजे तांदळापासून बनणारी जपानी दारू, थंडगारच प्यावी, हे तुमच्या लेखातलं मत मला अजिबात पटलं नाही. तांदळाचा निदान अर्धा भाग घासून काढून बनवलेली दाइगिंजो प्रकारची साके थंडच हवी, कारण तिचा फळांसारखा सुगंध गरम केल्यावर उडून जातो. पण जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न मिसळलेली साके, ४५ अंशांपर्यंत गरम करून ओसेचीतल्या (नववर्षाच्या पारंपरिक पदार्थांच्या डब्यातल्या) गोडसर काळ्या सोयाबीनबरोबर घेऊन बघा, तांदळाची चव कशी खुलते! त्याच डब्यातल्या हेरिंग माशाच्या अंड्यांबरोबर वाइन घेतली तर तिच्यातल्या लोहामुळे तोंडात उग्र, हिवस वास राहतो. साकेत लोह नगण्य असतं, त्यामुळे मासळी गोडच लागते. आणि ओतोसो कशी विसरलात? औषधी मसाले भिजवलेली ही साके १ जानेवारीला अख्खं घर मिळून घेतं. तिच्यावर वेगळा लेख लिहाच.