पेपर मोजताय, पण पेशंटच्या नोंदी कोण ठेवतंय?

ठाण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला आठवडाभर एकच वाद चाललाय. कुणाच्या तरी ओळखीतल्या डॉक्टरांचं नाव "जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञां"मध्ये आलं, विषय एचआयव्ही आणि लिव्हर. अर्ध्यांनी हारवाले बॅनर टाकले, अर्ध्यांनी "पैसे भरून छापतात हो सगळे" म्हणून निकाल लावून टाकला. मी इथे इंग्लंडमध्ये लीड्सला औषधांच्या ट्रायलचा, म्हणजे पेशंटवरच्या चाचण्यांचा, डेटा सांभाळते, रोजचं कामच हे, त्यामुळे दोन्ही बाजू वाचून जीव तुटतो.

ती यादी पुरस्कार नाहीये. स्टॅनफर्डचे जॉन इओअनिडिस आणि त्यांची टीम स्कोपस या रिसर्च पेपरांच्या डेटाबेसच्या आकड्यांवरून हिशोब करतात, तुमच्या पेपरचा संदर्भ इतरांनी किती वेळा दिला, लेखकांमध्ये तुमचं नाव कितवं, वगैरे. स्वतःच स्वतःचे दिलेले संदर्भ वगळूनही रांग लावलेली असते आणि फाइल फुकट उघडता येते. म्हणजे आकडा खोटा नाही, पण त्या आकड्यातून पेशंटला काय मिळालं ते कळत नाही. त्यासाठी निदान एक पेपर उघडून वाचायला लागतो.

मी एक सांगते. २००६ साली 'हेपॅटोलॉजी' जर्नलमध्ये रिचर्ड स्टर्लिंग आणि सहकाऱ्यांचा पेपर आला, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या ८३२ पेशंटवर. त्यातून एफआयबी-४ हा फॉर्म्युला निघाला, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज, बायोप्सीसाठी लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा न काढता, साध्या रक्ततपासणीवरून देणारा. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ) याने, बस. एसजीओटी-एसजीपीटी म्हणजे लिव्हरच्या नेहमीच्या रक्ततपासणीतले आकडे. समजा वय ५०, एसजीओटी ८४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट दीड लाख (फॉर्म्युल्यात १५०), तर उत्तर ४ येतं. मूळ पेपरात ३.२५ च्या वर म्हणजे लिव्हर बरंच खराब असण्याची शक्यता, १.४५ च्या खाली म्हणजे तशी शक्यता कमी. हे चारही आकडे नौपाड्यातल्या कुठल्याही लॅबच्या साध्या रिपोर्टवर असतात! आणि आज हाच फॉर्म्युला जगभर फॅटी लिव्हरच्या पेशंटला लावतात, ज्यांचा एचआयव्हीशी काही संबंध नाही. सायटेशन, म्हणजे इतरांनी दिलेले संदर्भ, हजारोंनी आहेत ते यामुळे.

पण हा फॉर्म्युला ज्या बायोप्सींशी ताडून बनवला, त्यांची माहिती आली कुठून, तर 'ॲप्रिकॉट' नावाच्या ट्रायलमधून, जी मुळात इंटरफेरॉनचं औषध तपासायला झाली होती. कुणीतरी नोंदी नीट ठेवल्या म्हणून पुढे दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर मिळालं. त्याच वर्षीचा डीएडी कोहॉर्टचा, म्हणजे एचआयव्ही पेशंटचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या एका मोठ्या अभ्यासाचा, पेपर घ्या, २३,४४१ एचआयव्ही पेशंट, त्यातले १,२४६ वारले आणि त्यातले १४.५ टक्के लिव्हरमुळे. एवढ्या लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा कुठल्याच एका डॉक्टरकडून होत नाही, नर्स, काउन्सेलर, डेटावाले, सगळे लागतात.

आता आपल्याकडे बघा. माझी वहिनी नवी मुंबईत एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते, शिवाय एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांची, ओपीडी करते. असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर दोन पेपर हवेत. २०१५ च्या एमसीआयच्या (तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलच्या) पत्रकाने तर पहिल्या दोनच लेखकांना धरलं होतं, २०२० मध्ये ते जरा सैल करून पहिले तीन किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक असं केलं. आता मला सांगा, दहा जणांनी पाच वर्षं मिळून पाठपुरावा करायचा आणि त्यातल्या तिघाचौघांनाच प्रमोशनला उपयोग, मग उरलेले कशाला झिजतील? मग निघतात छोट्या केस सिरीज, चार-पाच पेशंटच्या गोष्टी, पटकन छापून मोकळं. वहिनीला रोज "चार दिवसांत छापू, फी एवढी" असे मेल येतात, ती ते डिलीट करते आणि प्रमोशन तसंच लटकलेलं. ग्रुपवर "विकत घेतात" म्हणणाऱ्यांना ही बाजू दिसतच नाही.

इथेही सगळं छान आहे असं नाही. तरुण रिसर्चर मुलं ठरावीक मुदतीच्या करारावर, ग्रँट संपली की घरी. पण आरईएफ २०२१ मध्ये, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिट्यांची सरकारी तपासणी, २५ टक्के गुण प्रत्यक्षात काय बदललं यालाच होते, आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर बघायचा नाही असं पॅनेलला लेखी सांगितलेलं. ही गोष्ट आपण बिनधास्त उचलावी.

कारण आपल्याकडे माहिती पडून आहे हो. मोफत एआरटी २००४ पासून सुरू आहे, प्रत्येक पेशंटचं व्हाइट कार्ड असतं. टीएलडी या रोजच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन हिपॅटायटिस बीवरही चालतात, त्यामुळे बी असलेल्या पेशंटने गोळी मध्येच सोडली तर लिव्हर भडकू शकतं. ठाणे-कळवा-वाशी पट्ट्यात कामासाठी गावाहून येणारी-जाणारी माणसं किती, त्यांची गोळी कुठे तुटते, तेव्हा त्यांच्या एसजीपीटीचं काय होतं, हे लीड्समध्ये बसून कुणालाही काढता येणार नाही. वहिनीला येईल. नावं काढून टाकून, एथिक्स कमिटीची परवानगी घेऊन, कारण २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात गुप्तता बंधनकारक आहे. तिला आठवड्यातले दोन अर्धे दिवस ओपीडीतून सुट्टी आणि फक्त या कामाला एक डेटावाला मिळाला पाहिजे. आणि पेपर आलाच तर नर्स-काउन्सेलरची नावंही त्यात हवीत, आणि सातव्या नंबरच्या डॉक्टरलाही प्रमोशनला तो धरायला हवा.