पाणी मालात कमी, स्लॅबवर जास्त

भाऊ, वेळ काढून एवढी मोठी कमेंट लिहिली, थँक्स, राग बिग काही नाही. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या बोरीमागं पाणी मोजूनच टाका, असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं; तुमचं म्हणणं असं की "बोरीला मोजून पाणी" हे माझं पुस्तकी ज्ञान आहे, तुमचे मिस्त्री ३० वर्षांपासून माल (कालवलेलं काँक्रीट) पातळच करतात, मे महिन्यात घट्ट माल सेंट्रिंगवर (स्लॅबच्या साच्यावर) पोचेपर्यंतच कडक होते अन् ५३ ग्रेडच्या सिमेंटला ३ दिवस तराई (स्लॅब पाण्यानं ओला ठेवणं) पुरे. यातलं मे महिन्याचं एकदम खरं, ते पोस्टमध्ये माझ्याकडून राहूनच गेलं.

पण त्याचा इलाज पाणी नाही न. जास्तीचं पाणी उडून जाते अन् त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, मग पावसाळ्यात ओल तिथूनच सळईपर्यंत जाते. एम-२० च्या (घराच्या स्लॅबला वापरतात त्या ताकदीच्या) मालाला ५० किलोच्या बोरीमागं जास्तीत जास्त ३० लिटर, काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्येच दिलंय, अन् रेती ओली असली तर तिच्यातलं पाणीही यातच धरायचं. आमच्या मागच्या खोलीचा स्लॅब होता तेव्हा मी जेवून येईपर्यंत मिक्सरवरच्या पोराने पाईपच सोडून दिला होता, बायांच्या डोक्यावरच्या घमेल्यातून राखाडी पाणी पदरावर गळत होतं, गिट्टी सारी खाली बसलेली. ते गळणारं पाणी म्हणजे आपण पैसे मोजलेलं सिमेंटच हो! बाकी स्लॅब कोरडा आहे, तो पातळ माल पडला तेवढा एक कोपरा दर जुलैत ओला होते.

उन्हासाठी पहाटे ५ ला काम सुरू करा, गिट्टी आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवा, मिक्सर जवळ लावा अन् व्हायब्रेटर भाड्यानं आणाच, घट्ट माल त्यानंच बसते, नुसतं सळईनं कोचून नाही (करून पाह्यलंय). कडक व्हायला लागलेल्या मालात पाणी टाकून परत कालवायचा नाही.

अन् ५३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, ३ दिवसांचा नाही. त्यात बोरीवर एकदा वाचून पाहा, पीपीसी लिहिलं असेल तर त्यात कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश आहे, ते ताकद धरायला आणखी वेळ घेते. आपल्याकडच्या उन्हात साध्या सिमेंटला किमान १० दिवस अन् पीपीसीला १४ दिवस तराई, स्लॅबवर मसाल्याचे (सिमेंट-रेतीचे) बांध घालून पाणी साठवून ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवून भागत नाही. तुमच्याकडे नळ एक दिवसाआड असेल तर आधी टँकरचं पक्कं करा, मगच सेंट्रिंगवाल्याला तारीख द्या.