देवालाही आचारसंहिता

मतदान केंद्र पोलीस ठाण्यात, इस्पितळात किंवा देवळात नसावं, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. तो घालणारा साहेब ७ मे २०२४ला सिंधुदुर्गातल्या आमच्या गावात रांगेत उभा नव्हता, एवढं नक्की.

आमची शाळा पत्र्याची. शेजारी ग्रामदेवतेचं देऊळ, जांभ्या चिऱ्याचं. आम्ही पत्र्याखाली शिजत होतो आणि समोर सभामंडपात गार फरशीवर दोन कुत्रे नि गावचे एक मानकरी आडवे झाले होते. मानकऱ्यांनी सातच्या ठोक्यालाच मत देऊन घेतलं होतं.

पुढे वरच्या वाडीतली काकी. ती करवादली, "देवळात मशीन ठेवल्यानी असती तर देव काय बटन दाबूक येणार होतो?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तो नाय गो येणार, पण तू त्याका इचारल्याशिवाय दाबशीत काय?"

रांगेत बऱ्याच जणांनी नजरा खाली घातल्या. आमच्याकडे बैल विकायचा, विहीर खणायची, मुलीचं स्थळ बघायचं, तरी आधी कौल. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. (डावी पडली की प्रश्न जरा फिरवून पुन्हा विचारायचा, ही सोय मशीनमध्ये नाही.) उमेदवारही येऊन गाऱ्हाणं घालून जातात. 'यश दी रे म्हाराजा' हे सगळ्यांसाठी तेच, फक्त नाव बदलायचं. आणि 'होय म्हाराजा' म्हणणारे आम्हीही तेच. प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरू नये, असं आचारसंहिता सांगते. पण गाऱ्हाणं म्हणजे प्रचार नव्हे, यावर गावातल्या सर्व पक्षांचं एकमत आहे. दुसऱ्या कशावर नाही.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. अमेरिकेत चर्चच्या हॉलमध्ये मतदान अगदी सर्रास चालतं. तिथे त्याच्याकडे प्रचाराला बंदी शंभर फुटांपर्यंत, आपल्याकडे शंभर मीटर. ते शंभर मीटर आमच्याकडे देऊळ आणि पार ओलांडून थेट चहाच्या टपरीपाशी संपतात. म्हणजे त्या दिवशी देवसुद्धा बंदीच्या हद्दीत! पक्षांची टेबलं मात्र टपरीलगत, चहाच्या वासात.

भाच्याने आणखी एक ऐकवलं. ॲरिझोनात २००० साली शाळांसाठी विक्रीकर वाढवण्यावर मतदान झालं, तेव्हा शाळेतल्या केंद्रांवर मत देणाऱ्यांचा कल कराकडे थोडा जास्त होता, असं अभ्यासकांना आढळलं. जागेचा गुण लागतो म्हणे. आमच्याकडे माझ्या आठवणीत मतदान शाळेतच होतंय आणि पत्रा अजून तोच आहे.

शेवटी दार आलं. काकीने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. तिच्या पाहून मागच्यांनीही काढल्या, मीही काढल्या. केंद्राध्यक्ष घाटावरचे, ते त्या ढिगाकडे बघतच राहिले. काकीने शाई लावून घेतली, आडोशाला गेली, आधी मशीनला हात जोडले आणि मग बटण दाबलं. काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली.

"सायबानू," काकीने आतूनच हाक दिली, "पडलो! उजवो काय डावो?"

केंद्राध्यक्ष ताडकन उठले. "मावशी, मत गुप्त असतं! उजवे-डावे काही बोलू नका!"