गोळीला कसं कळतं?

"एम. फार्म. करतेय, फार्माकोलॉजीत," असं म्हटलं की सिडकोतल्या आमच्या शेजारच्या काकू विचारतात, "मग मेडिकल कुठं टाकणार?" औषध शरीराचं काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं ते शिकतेय, असं मी दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा "कॉलेज रोडला जागा बघतेय" म्हणून मोकळी झाले.

सकाळी आठला नाशिकरोडच्या एका रुग्णालयात राउंड. तिथं माझं काम बघायचं आणि वाटेत यायचं नाही. सलाइनच्या स्टँडशेजारी मी इतकी मुकाट उभी असते की एका पेशंटच्या भावानं परवा माझ्या हातात पिशवी अडकवली.

त्याच दिवशी डॉक्टर अचानक वळले. "फार्माकोलॉजी ना तुझं? काका वॉरफरिनवर आहेत. मेथी चालेल?"

वॉरफरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आणि मेथीतलं के जीवनसत्त्व नेमकं त्याच्या उलट वागतं. यकृत, रक्त गोठवणारे घटक, सगळं प्रकरण डोळ्यांपुढून सरकलं आणि तोंडातून निघालं, "बंद!"

त्या काकांच्या पत्नी कळवळल्या, "अगं बाई, दोन जुड्या निवडून ठेवल्यात!"

बंद करायची गरज नाही, खाण्याचं प्रमाण सारखं ठेवायचं, डॉक्टरांनी समजावलं. आज जुडी आणि उद्या काहीच नाही, असं केलं की डोस जुळत नाही. हे वाक्य माझ्या वहीत आहे. लाल पेनानं अधोरेखित.

तिथून पंचवटीपलीकडचं कॉलेज, आणि मधे द्वारका चौक. मधुमेहाच्या गोळ्यांचं अख्खं प्रकरण मी द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये पाठ केलंय. कॉलेजात विस्टर उंदीर, म्हणजे प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर. त्यांना बारा तास उजेड, बारा तास अंधार, वेळेवर खाणं. वजन करताना ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. कॅफिनचं अर्धायुष्य साधारण 5 तास, म्हणजे संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही रक्तात असतं, हे मी ज्युनिअर्सना शिकवते. नऊ वाजता दुसरा कप पीत पीत.

उरला रविवार. तो सावळघाट उतरून पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, आरोग्य शिबिरात. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढणं ही माझी सेवा. माझा चंद्र केळ्यासारखा येतो. एका बाबांनी गोळी केळ्याबरोबर घ्यायची का, असंही विचारलं.

गेल्या रविवारी एका आजीनं चौकशी केली, "पोरी, तू कोनच्या दवाखान्यात असती?" सकाळी नाशिकरोड, दुपारी कॉलेज, रविवारी इथं, मी सगळं सांगितलं. आजीनं पाकीट उलटंसुलटं केलं. "ही गोळी जाती पोटात. दुखतोय गुडघा. तिला कसं कळतं गुडघा कुठंय ते?"

दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न मला तोंडी परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. म्हटलं, "आजी, तिला नाही कळत. ती रक्तातून सगळीकडं फिरते. त्यातली थोडीशी गुडघ्याला पोचते."

"मंग तुझ्यावानीच म्हन की," आजी म्हणाली, आणि पाकीट कनवटीला लावून उठली.