वेड पांघरून पेडगावला जाता येतं, बँकेत नाही

‘फिफ्टीन मिनिट्स’ हा २००१ चा पोलिसपट, दिग्दर्शक जॉन हर्झफेल्ड. एमिल नावाचा गुन्हेगार न्यू यॉर्कमध्ये येऊन खून पाडतो आणि त्याचा साथीदार ओलेग चोरलेल्या कॅमेऱ्यावर ते टिपत जातो. मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकणारा डिटेक्टिव्ह एडी फ्लेमिंग, म्हणजे रॉबर्ट डी नीरो, याला मारतानाची टेप एक टीव्ही कार्यक्रम १० लाख डॉलरला विकत घेतो. पुढचा बेत असा की वेडाचं सोंग घ्यायचं, सुटायचं आणि आपली कहाणी विकायची.

या सिनेमाचा हवाला देत एक दावा सर्रास फिरतो: “यात काल्पनिक काही नाही, अमेरिकेत कायदाच तसा आहे. खून करा, चित्रण करा, वेडे ठरा, सुटा, श्रीमंत व्हा. एकदा सुटलात की पुन्हा खटला नाही.”

शेवटचं वाक्य बरोबर आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीमुळे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही. गडबड त्याच्या आधीच्या वाक्यांत आहे.

‘वेडे ठरा, सुटा.’ वेडा ठरलेला आरोपी त्याच संध्याकाळी टॅक्सी पकडून घरी जातो, असं धरून चाललेलं दिसतं. जॉन हिंक्लीचं काय झालं ते बघा. मार्च १९८१ मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेही एका अभिनेत्रीवर छाप पाडण्यासाठी. म्हणजे प्रसिद्धीचं वेड इथे खरोखरच होतं. १९८२ मध्ये ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. मनोरुग्णालयातून तो कायमचा बाहेर पडला २०१६ मध्ये, आणि उरलेली बंधनं उठली २०२२ मध्ये. त्या निकालावर देशभर इतका गहजब झाला की १९८४ मध्ये संघीय कायदा बदलून वेड सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला गेला. न्यू यॉर्क राज्यानेही तेच केलं.

शिवाय वेडाचा हा बचाव क्वचितच घेतला जातो. आठ राज्यांतल्या खटल्यांचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर गुन्ह्यांच्या शंभर खटल्यांत जेमतेम एकात तो घेतलेला आढळला आणि त्यातलेही साधारण पाव आरोपीच यशस्वी झाले.

दावा करणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण ते स्वतः ती कधी सांगत नाहीत. १९९२ च्या फाउचा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, माणूस मानसिक आजारी राहिला नसेल तर केवळ धोकादायक वाटतो म्हणून त्याला रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. थोडक्यात, अट्टल सोंगाड्या ज्यूरीला फसवू शकला तर पुढची फट आहे. पण ज्यूरीला फसवायचं कसं? तिथे टेप आडवी येते.

‘चित्रण करा’ हा तर आत्मघातकी सल्ला आहे. आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे आरोपीला कळतच नव्हतं, असं या बचावात दाखवावं लागतं. जो माणूस कॅमेऱ्याचा कोन सांभाळतो, टेपचा भाव ठरवतो, वकील गाठतो, त्याला कळत नव्हतं हे कोण मानेल? डॉ. जॅक केव्होर्कियन यांचंच घ्या. रुग्णांना मरायला मदत केल्याच्या खटल्यांतून ते वारंवार निर्दोष सुटले होते. मग त्यांनी एका रुग्णाला स्वतःच्या हाताने प्राणघातक इंजेक्शन दिलं, त्याचं चित्रण केलं आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये ते सीबीएस या टीव्ही वाहिनीवर देशभर दाखवलं गेलं. तीच टेप कोर्टात पुरावा झाली. १९९९ मध्ये दुसऱ्या दर्जाच्या खुनासाठी १० ते २५ वर्षांची शिक्षा. हेतू एमिलपेक्षा सर्वस्वी वेगळा, पण टेपने केलं तेच.

गंमत म्हणजे सिनेमाही हेच सांगतो. एमिल सोंगाचा बेत बोलून दाखवतो आणि दिग्दर्शक व्हायला निघालेला ओलेग इमानेइतबारे तेही टिपतो. पुढे श्रेय कोणाचं यावरून दोघांचं फाटतं आणि ती टेप एमिलच्या अंगाशी येते. तो शेवटी गोळी खाऊन मरतो. दावा करणारे बहुधा मध्यंतरालाच उठले असावेत.

आता ‘श्रीमंत व्हा’. गुन्ह्याच्या कहाणीवर गुन्हेगाराने कमाई करू नये म्हणून न्यू यॉर्कने १९७७ मध्येच कायदा केला, ‘सन ऑफ सॅम’ नावाने ओळखला जाणारा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, हे खरं. पण राज्याने नवा आणला, आणि २००१ मध्ये, या सिनेमाच्याच वर्षी, आणखी व्यापक केला. ते सोडा. निर्दोष सुटलेल्यावरही मृताच्या घरचे दिवाणी दावा लावू शकतातच. माजी पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाचा आरोप असलेला फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये सुटला, १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयात ३.३५ कोटी डॉलरला बसला आणि २००७ मध्ये त्या खुनांवरच्या त्याच्या पुस्तकाचे हक्क एका मृताच्या कुटुंबाकडे गेले.

उलट बाजूचीही एक थट्टा चालते: सिनेमातल्या फायर ब्रिगेडच्या माणसाच्या (एडवर्ड बर्न्स) हातात पिस्तूल म्हणजे निव्वळ फिल्मीपणा. नाही. न्यू यॉर्कचे फायर मार्शल शस्त्र बाळगतात, जाळपोळीचा तपास करतात आणि अटकही करतात. आणि एमिलचा वकील दाखवलाय तो ब्रूस कटलर खराखुरा आहे, माफिया जॉन गॉटीचा वकील, सिनेमात स्वतःच्याच नावाने.