युसुफींच्या कपाळावरचा तो मुका

मोरोक्कोचे माजी पंतप्रधान अब्दुर्रहमान युसुफी यांचा एक फोटो आहे, कासाब्लांकाच्या हॉस्पिटलातला, म्हातारा बेडवर पडलेला आणि राजा सहावा मोहम्मद वाकून त्यांच्या कपाळाचा मुका घेतोय. ऑक्टोबर २०१६. तिकडे तो जाम व्हायरल झाला, कारण तिथे मोठमोठे लोक राजाच्या हाताचा मुका घेतात आणि इथे राजाच वाकलाय. मला मात्र तो बघून चिडचिड होते.

अहो, याच घराण्याच्या राज्यात हा माणूस जेलात होता! जन्म १९२४ चा, तान्जिएरचा, पेशाने वकील, एक फुप्फुस तरुणपणीच गेलेलं. १९५९ मध्ये मेहदी बेन बरका या डाव्या पुढाऱ्यांबरोबर डावा पक्ष काढला आणि त्याच वर्षी पेपरात छापलेल्या मजकुरापायी आत गेले, १९६३ ला परत आत. मग १९६५ मध्ये बेन बरकांना पॅरिसमध्ये भर रस्त्यातून उचललं, त्यांचा मृतदेह आजपर्यंत सापडलेला नाही, आणि त्या खटल्यासाठी म्हणून गेलेले युसुफी थेट १९८० मध्ये मायदेशी परतले.

आणि १९९८ ला राजा हसन दुसरा याने, म्हणजे सहाव्या मोहम्मदच्या बापाने, ज्याच्या राजवटीत यातलं बहुतेक झालं त्यानेच, बोलावून सरकार बनवायला सांगितलं. हे हो म्हणाले. लोक याला लाचारी म्हणतात, मला नाही तसं वाटत, राजा आजारी होता, गादी बदलायची वेळ आलेली, देशात उगाच रक्तपात नको असा हिशोब असणार. पण गृहखातं हसनच्या जुन्या गृहमंत्र्याकडे, द्रिस बसरीकडेच राहिलं, विरोधकांना वर्षानुवर्षं छळणारा तोच तो बसरी, आणि पुढच्या वर्षी त्याला काढला तोही नव्या राजाने, यांनी नाही.

हेही एकवेळ चालेल. पण डिसेंबर २००० मध्ये यांच्याच सरकारने तीन साप्ताहिकं बंद केली राव! का, तर राजा हसनविरुद्धच्या १९७२ च्या फसलेल्या बंडात डाव्यांचाही हात होता असं सांगणारं एक जुनं पत्र छापून आलं. स्वतः पेपरापायी जेल भोगलेला माणूस हे करतो, मला अजून पचत नाही.

२००२ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष ५० जागा घेऊन पहिला आला तरी राजाने बिनपक्षाच्या द्रिस जेत्तूला पंतप्रधान केलं. पक्षाने लोकशाहीची रीत मोडली म्हणून कुरकुर केली आणि जेत्तूच्याच मंत्रिमंडळात जाऊन बसला (!). युसुफी २००३ ला राजकारण सोडून घरी, कासाब्लांकातल्या साध्याशा फ्लॅटमध्ये. पैसे खाल्ले असं त्यांचे टीकाकारही म्हणत नाहीत, हे मात्र मानलं पाहिजे.

नंतर मान भरपूर मिळाला. तान्जिएरमध्ये रस्त्याला नाव दिलं, तेही राजाच्या उपस्थितीत. मे २०२० मध्ये कोविडच्या दिवसांत गेले, त्यामुळे दफनाला मोजकीच माणसं. आणि तो मुक्याचा फोटो आला ना, त्याच महिन्यात निवडणूक झालेली, ३९५ पैकी त्यांच्या पक्षाला २० जागा.