चरबीचा सातबारा

हिवाळा लागला की जळगावकडे भरीत-पुरीच्या पंगती उठतात आणि संक्रांतीपर्यंत पॅन्टचं बटण काजाला भेटेनासं होतं. खाल्लेलं सगळ्या अंगाला लागतं म्हणतात, मग नोंद पोटाच्याच नावावर का?

तलाठी हार्मोन्स असतात. इस्ट्रोजेन भरपूर असेतोवर बायकांची चरबी मांड्या-नितंबांवर चढते, पाळी थांबली की तीही पोटाकडे वळते. पुरुषांचं पहिल्यापासून पोटच. सोडायच्या वेळी आणखी तंटा. अ‍ॅड्रेनलिन ‘सोड’ म्हणतं, तो निरोप पेशीवरचे रिसेप्टर घेतात; बीटा रिसेप्टरवाली पेशी ऐकते, अल्फा-२वाली धरून बसते. हट्टी जागी अल्फा-२ जास्त. म्हणून डाएटवाल्याचे आधी गाल बसतात आणि चौकात विचारणा होते, ‘काय भो, आजारी होता का?’ पोट जागेवरच. सिट-अप्सनी पोटाचे स्नायू कसतात, पण जळणाला चरबी अंगभरातून येते, शेजारची म्हणून आधी संपत नाही.

वांगं बिचारं निर्दोष आहे. मोठा चमचाभर तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. शेवभाजीवरची तर्री याच हिशेबाने मोजा, आणि एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात हेही लक्षात असू द्या.

पॅन्टचा नंबर पुरावा म्हणून आणू नये. ती पोटाखाली सरकत जाते आणि माणूस दहा वर्षं 34 वरच राहतो. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सहज सोडून. टेप दिसली की भल्याभल्यांची छाती पुढे येते, तसलं माप बाद. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80; त्यापुढे आतड्यांभोवतीच्या चरबीचा संशय. चिमटीत येते ती कातडीखालची, तुलनेने गरीब. आतली चिमटीत येत नाही, आणि तिचं रक्त थेट यकृतात जातं.

काटकुळ्यांनी हसू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापं छापली. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) दोघांचा 22.3, चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, आपल्या डॉक्टरांची 21.2!

आणि पोटाला प्लास्टिक गुंडाळून जळगावच्या मेहरूण तलावावर फिरणाऱ्यांसाठी: घामाने पाणी जातं, घोटभर प्यायलं की परत येतं. 10 किलो चरबी जळली तर त्यातली 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जाते, उरलेल्याचं पाणी होतं. फेऱ्या त्याच मारा, प्लास्टिक काढा. तलावावरचा वारा तरी लागेल.